गाडीभोवतीचे अकरा दगड

उन्हाळ्यातल्या सकाळचा उजेड आमच्या सडकेवर एकदम पडत नाही. आधी तो पारोळ्याच्या बाजूच्या निंबांच्या शेंड्यांना लागतो आणि बराच वेळ तिथेच थांबतो. मग खोडांवरून उतरू लागतो. चुना आणि गेरूचे जे पट्टे आमच्या खात्याची माणसे दरवर्षी झाडांना ओढतात, त्यांतला पांढरा पट्टा आधी उजळतो, गेरूचा मागाहून. रस्त्याच्या कडेची धूळ तेव्हा राखेसारखी दिसते, तिच्यात कालच्या बैलगाड्यांच्या चाकोऱ्या असतात आणि त्या चाकोऱ्यांच्या एकाच काठावर उजेड बसतो. त्यानंतर तो डांबरावर येतो. त्या उजेडात विशेष असे काही नसते. पाखरे असतात, दूर एखाद्या मळ्यात कोरड्या विहिरीवर कोणी तरी उगाच डोकावत असतो, धुळ्याकडे जाणारी पहिली एस.टी. अजून यायची असते. मी सायकलवर असतो. सूर्य पाठीशी असल्यामुळे माझी सावली माझ्या किती तरी पुढे पळत असते, आणि दीड मैलावरच्या वळणापाशी पोहोचलो की माझ्या आधी तीच त्या गाडीला जाऊन लागते.

ती जुनी मालमोटार पूर्वेकडे तोंड करून उभी आहे. त्यामुळे सकाळचा उजेड थेट तिच्या समोरच्या काचेवर येतो. काच धुळीने मळली आहे, तरी डाव्या कोपऱ्यात कराच्या टोकनाचा गोल कागद अजून चिकटलेला आहे. शाई पिवळी झाली आहे. उजेड त्या कागदापर्यंत आला की ‘३१ मार्च १९६६’ हे वाचता येते. मग तो खाली उतरतो आणि गाडीभोवती मांडलेल्या अकरा दगडांवर एकेक करून पडतो. दगडांना चुना लावलेला आहे. त्या सकाळी मी पाहिले, तो चुना नवा होता.

मी सायकलवरून उतरलो नाही. एक पाय जमिनीला टेकवून उभा राहिलो आणि मला हायसे वाटले.

मी सडकेच्या खात्यात कारकून आहे. तो दुष्काळाचा दुसरा उन्हाळा होता आणि धुळे-जळगाव सडक रुंद करण्याचे काम दुष्काळी कामांत निघाले होते. शेकडो माणसे खडी फोडत, माती टाकत पश्चिमेकडून पारोळ्याच्या दिशेने सरकत येत होती. रुंद होणाऱ्या पट्ट्यात वर्षानुवर्षे मरून पडलेल्या गाड्या होत्या. कोणाची चाके काढून नेलेली, कोणाच्या हौद्यात बाभूळ उगवलेली. त्यांचा कर थकलेला होता, मालकांचे पत्ते खोटे किंवा जुने होते. अशा गाड्यांची यादी करायची, प्रत्येकीवर नोटीस चिकटवायची, मुदत संपली की दोन पंचांसमक्ष पंचनामा करायचा आणि गाडी ओढून लिलावासाठी आवारात न्यायची, हे काम माझ्याकडे आले. नोटिशींचा गठ्ठा, खळीचा डबा आणि ब्रश असे सायकलला लावून मी फिरत असे. बरोबर आमचे मुकादम तोताराम आबा असत.

गाडी टाकलेली आहे की नुसती थांबलेली, हे ठरवण्याचा नियम कागदावर होता, पण सडकेवरच्या माणसांचा नियम निराळा होता. गाडी रस्त्यात बसली की ड्रायव्हर भोवती दगड मांडतो, म्हणजे मागून येणाऱ्याला कळावे. गाडी दुरुस्त होऊन गेली तरी दगड बहुधा तिथेच राहतात आणि आमच्या माणसांना ते उचलावे लागतात. मात्र गाडी उभी असेपर्यंत तिचे दगड कोणी हलवत नाही.

पहिल्याच दिवशी तोताराम आबांनी मला बजावले होते, “भाऊसाहेब, दगड नीट शेतस तवलोंग गाडीले हात लावाना नही. दगड नीट म्हंजे मालक येवाव शे. दगड इखुरनात की मंग ती बेवारस.”

या नियमाने आठ गाड्या बेवारस ठरल्या. त्यांचे दगड विखुरले होते किंवा मातीत गेले होते. मी त्यांना नोटिसा लावल्या. नवव्या गाडीपाशी आम्ही पोहोचलो तेव्हा आबांनी दगडांकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, तंबाखू मळली आणि पुढे चालू लागले. ती गाडी माझ्या भावाची होती. हे त्यांना ठाऊक होते. पारोळ्यात ते सर्वांनाच ठाऊक होते.

अभिमन माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. आई-वडील गेल्यावर मला त्यानेच वाढवले. दोंडाईच्याच्या झुंबरलाल शेटजींच्या पेढीवर तो आधी नोकरीने गाडी चालवत असे. नंतर शेटजींनी नवी गाडी घेतली, तेव्हा पेढीतली एक जुनी त्याला विकली. ती ताब्यात घ्यायला तो मला बरोबर घेऊन गेला होता. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. त्या गाडीवर तोवर एक म्हातारा ड्रायव्हर होता. व्यवहार झाल्यावर तो केबिनमध्ये चढला, काचेच्या वर बसवलेली त्याची देवाची तसबीर त्याने स्क्रू काढून सोडवली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि पंच्यात गुंडाळली. गाडी अजून पेढीच्या आवारातच उभी होती.

“एवढी घाई?” मी भावाला हळूच विचारले.

“घाई नव्हे,” अभिमन म्हणाला. “गाडी चालू असो, बंद असो, आपली असली तर तसबीर हलवायची नसते. तो आता या गाडीत पुन्हा चढणार नाही, म्हणून देव बरोबर घेतला.”

मग त्याच जागी त्याने सप्तशृंगीची तसबीर लावली. चार कोपऱ्यांना चार पितळी स्क्रू. मी खालून एकेक स्क्रू हातात देत होतो. एक माझ्या हातून पडला, तेव्हा तो म्हणाला, “लोटन, लेका, देवीलासुद्धा तू ताटकळत ठेवतोस!” आणि हसला. तो फार क्वचित हसे, म्हणून ते ध्यानात राहिले आहे.

पुढे दोन वर्षांनी, एकोणीसशे सहासष्टच्या मार्चमध्ये, मिरची भरून जळगावकडे जाताना गाडीचा एक्सल तुटला. तो नेमका पारोळ्याच्या अलीकडे, घरापासून दीड मैलावर. त्याने दगड मांडले. मागून आलेल्या ओळखीच्या गाडीत मिरचीची सगळी पोती भरून दिली आणि क्लीनरलाही तिच्याबरोबर पाठवले. एका एस.टी. कंडक्टरच्या हाती घरी निरोप धाडला : ‘गाडी बसली आहे. धुळ्याहून सामान घेऊन येतो.’ त्यानंतर तो आम्हाला दिसला नाही. धुळ्याच्या दुकानदारांनी तो आलाच नसल्याचे सांगितले. इस्पितळे पाहिली, चौकीत नोंद केली. इंदूरच्या बाजूला कोणी तरी त्याला पाहिल्याचे एकदा कानावर आले आणि विरून गेले.

निरोपाच्या दुसऱ्या दिवशी मी गाडीपाशी गेलो होतो. केबिनमध्ये चढलो होतो. तसबीर जागेवर नव्हती. घरी येऊन मी शेवंतावहिनींना सांगितले, “तसबीर चोरांनी नेली. पितळेची चौकट होती ना.” वहिनींनी चुलीतले लाकूड पुढे सारले. तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या होत्या.

सात वर्षे आम्ही दोघे त्या घरात राहिलो. त्या शिवणकाम करत, मी शिकलो, नोकरीला लागलो. मोठ्याने बोलणे आम्हा दोघांच्याही स्वभावात नाही. संध्याकाळी मी ओसरीवर वाचत बसे आणि आत मशीनचा आवाज चाले. तो थांबला की मला कळे, सडकेवरून एखादी मालमोटार जाते आहे आणि वहिनी ती घराशी थांबते का हे ऐकत आहेत. गाडी पुढे जाई. मशीन पुन्हा सुरू होई. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या खानदेशातली प्रत्येक सासुरवाशीण माहेरी जाते. झाडांना झोके बांधले जातात, गल्लीगल्लीत बायका गातात. वहिनींचे माहेर सावद्याला, केळीच्या मळ्यांत. त्यांचा भाऊ दरवर्षी न्यायला येई आणि दरवर्षी एकटा परत जाई. “घराला कुलूप दिसलं तर?” एवढेच त्या म्हणत.

आणि वर्षातून दोनदा, दिवाळीच्या आधी आणि आखाजीच्या आधी, त्या अकरा दगडांना नवा चुना लागलेला असे. पहिल्या दिवाळीला मला ते प्रथम दिसले, तेव्हा मी घरापर्यंत सायकल अशी हाणली की छाती दुखू लागली. वहिनींना सांगितले, “दगड कोणी तरी नीट केलेत, चुना लावलाय. दादाच असेल. तो येऊन जातो.” पुढे खात्यात लागल्यावर, आमचीच माणसे असतील, असे मनात यायला जागा होती, पण आमच्या चुन्याचा हिशेब मला माहीत होता आणि दगडांना चुना लावण्याचा आदेश कधी निघाला नव्हता. मी कोणाला विचारलेही नाही. विचारले असते तर कोणी तरी उत्तर दिले असते.

एप्रिलच्या अखेरीस ओव्हरसियर जीवरामसाहेबांनी मला बोलावले. टेबलावर माझी यादी होती.

“लोटनराव, तुमच्या यादीत गाड्या आठ. माझ्या डोळ्यांना नऊ दिसतात. चष्मा बदलू?”

मी खाली मान घातली.

“साहेब, नवव्या गाडीचे दगड…”

“दगडांचं मला सांगू नका. मोटार-कर खात्याचं पत्र आलंय. सात वर्षं कर नाही, नोंदणीचं बुक नाही, मालक नाही.” मग त्यांचा आवाज उतरला. ते वाईट गृहस्थ नव्हते. “हे पाहा, मला सगळं माहीत आहे. दुसऱ्या कोणाला पाठवू शकतो. पण तो येऊन काय वाटेल तसं खरडेल आणि उद्या तुम्हालाच ते वाचावं लागेल. त्यापेक्षा तुम्हीच लिहा. मजूर आखाजीच्या आत तिथे पोहोचणार.”

नोटीस मी दुसऱ्याच दिवशी लावली. खळ जास्त झाली आणि कागद काचेवरून घसरत राहिला. मी तो हाताने धरून वाळेपर्यंत उभा होतो. मुदत आठ दिवसांची होती. त्या आठ दिवसांत मी रोज सकाळी तिथे जात होतो, आणि आठव्या दिवशी, म्हणजे आरंभी सांगितलेल्या त्या सकाळी, दगडांवर नवा चुना दिसला. मला हायसे वाटले ते याचसाठी. नोटिशीला मिळालेले ते उत्तर आहे, मालक येऊन गेला आहे, पंचनामा थांबवता येईल, असे मी मनातल्या मनात साहेबांना सांगूसुद्धा लागलो.

तेवढ्यात गाडीच्या मागच्या बाजूने खरखर ऐकू आली. मी सायकल टेकवली आणि वळसा घालून गेलो. अकराव्या दगडापाशी वहिनी उकिडव्या बसल्या होत्या. पदर खोचलेला, हातात केरसुणीचा बुडखा, शेजारी घरातलीच बादली. कोपरापर्यंत हात पांढरे झाले होते.

त्या दचकल्या नाहीत. उरलेला दगड पुरा केला आणि मग म्हणाल्या, “आज लवकर आलात, भाऊजी.”

“तुम्ही?” मी विचारले. “प्रत्येक वेळी तुम्हीच?”

“घर सारवून-रंगवून चुना उरायचा.” त्यांनी हात पदराला लागणार नाहीत असे दूर धरले. “पहिल्या दिवाळीला माझ्यासाठीच लावला. वाटलं, रात्री-बेरात्री आले तर गाडी दिसायला हवी. तुम्ही धापा टाकत घरी आलात, दादाच असेल म्हणालात. त्या दिवशी तुम्ही दोन भाकरी जेवलात. सात महिन्यांत पहिल्यांदा.”

“म्हणून पुढेही…”

“दोन वर्षं मलाही वाटत होतं, येतील. मग वाटेनासं झालं. पण तुमचं तोंड बघून सांगवत नव्हतं. तुम्ही ओसरीवर बसायचात, पुस्तकाचं पान उलटायचं नाही तासन्‌तास.”

मला सांगायचे होते की आत मशीन थांबत असे म्हणून ते पान उलटत नसे. त्यांच्यासाठीच मी ही गाडी यादीबाहेर ठेवली होती. दोन माणसांनी एकमेकांसाठी सात वर्षे दिवा लावून ठेवावा आणि तेलाची काळजीही एकमेकांपासून लपवून करावी, तसे काहीसे आमचे झाले होते.

“या आखाजीला सावद्याला जाईन म्हणते,” वहिनी म्हणाल्या. “भाऊ परवा न्यायला येतोय. कुलूप दिसलं तर दिसलं.” मग त्या उठल्या आणि प्रथमच केबिनच्या दाराकडे सरळ पाहू लागल्या. “भाऊजी, मी आत कधी चढले नाही. धीर झाला नाही. तुम्ही चढला होतात. त्या दिवशी आत काय होतं, ते एकदा मला नीट सांगा. मग मी जाते. नाही तर झोक्यावर बसले तरी कान सडकेकडेच राहतील.”

“काही नव्हतं, वहिनी,” मी म्हणालो.

बादली उचलून त्या निंबाखाली जाऊन उभ्या राहिल्या.

नऊच्या सुमारास मजुरांची रांग वळणाशी आली. पाट्या खाली ठेवून चार-पाच बाया गाडीच्या सावलीत टेकल्या. त्यांतल्या एका वयस्कर बाईने तोताराम आबांना विचारले, “काय हो आबा, हाई गाडी कोनी शे?”

“सरकारनी दिसस,” दुसरी म्हणाली. “चालस नही म्हनीसन.”

बाया खदखदल्या. आबांनी हाताने त्यांना गप्प केले आणि माझ्याकडे आले. एक पंच ते स्वतः, दुसरा त्यांच्या टोळीतला एक जण. मी कागद फळीवर लावला. पंचनामा लिहायचा आणि लिहिलेला पंचांना मोठ्याने वाचून दाखवायचा, अशी रीत आहे. माझा आवाज मुळात बारीक. पण त्या दिवशी निंबापर्यंतचे अंतर मी डोळ्यांनी मोजले आणि ठरवले की आवाज तिथवर गेला पाहिजे. जे मला माणसासारखे बोलून सांगता आले नव्हते ते कदाचित खात्याच्या भाषेत सांगता येईल, असे वाटले.

सात वर्षांनी मी त्या केबिनमध्ये चढलो. गादीतून काथ्या बाहेर आला होता. सुताराच्या घरासारखा जुन्या लाकडाचा वास होता. मी एकेक वस्तू पाहत होतो, लिहीत होतो आणि दारातून वाचून दाखवत होतो.

“स्टिअरिंग, जागेवर. समोरची काच, शाबूत. कराचे टोकन, मुदत एकतीस मार्च एकोणीसशे सहासष्ट. गादी, फाटलेली. ड्रायव्हरची वळकटी, नाही. पत्र्याची पेटी, नाही.”

“चोर काय काय लई गयात,” आबा हळहळून म्हणाले. माझी सुटका व्हावी म्हणूनच ते तसे म्हणाले असावेत. “तसबीरबी त्यासनीच नेयेल ना, भाऊसाहेब? तसंच ल्हिखा.”

मी वर पाहिले. काचेच्या वर पत्र्यावर एक चौकोन होता. भोवतीचा रंग उन्हाने उडाला होता, तेवढा चौकोन हिरवा राहिला होता. त्याच्या चारही कोपऱ्यांना छिद्रे होती, गोल आणि स्वच्छ. कुठे पत्रा वाकलेला नाही, कुठे ओरखडा नाही.

माझ्या सदऱ्याच्या खिशात एक काडेपेटी होती. तशी ती सात वर्षे माझ्या ट्रंकेच्या तळाशी असे. ती सकाळी मी का बरोबर घेतली ते मला सांगता येणार नाही. मी ती बाहेर काढली आणि उघडून फळीवर ठेवली. आत चार पितळी स्क्रू होते.

आबांनी वाकून पाहिले. “हाई ते तुमना खिसामाईन निंघनी.”

“गाडीतलीच आहे, आबा. स्टिअरिंगजवळच्या खणात ठेवली होती. त्या दुसऱ्या दिवशी मी उचलली.”

“आन् आतेलोंग…” ते थांबले. खडी फोडणाऱ्या हातोड्यांचे आवाज दुरून येत होते. निंबाखाली वहिनींनी बादली खाली ठेवल्याचा आवाज झाला.

मी लिहिले. माझे अक्षर नेहमी सरळ असते. तेही सरळ आले. मग मी दारात उभा राहिलो आणि कागद उंच धरला, म्हणजे माझा चेहरा कोणाला दिसू नये.

“केबिनमध्ये काचेच्या वर देवीच्या तसबिरीची जागा आहे, तसबीर नाही. तिचे चार स्क्रू खणात काडेपेटीत घालून ठेवलेले मिळाले. चोरीची खूण नाही. तसबीर गाडीचे मालक अभिमन यांनी स्वतः काढून बरोबर नेली.”